डावे आटे

ड्रॉइंग हा अभियंत्याने दिलेला शब्द असतो आणि त्याखालची सही म्हणजे त्या शब्दामागे उभा राहिलेला माणूस. हे वाक्य मी गेली सतरा वर्षं दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात, आवाज जरा खाली आणून म्हणतो. ज्या बारा ड्रॉइंगांची ही हकिकत आहे त्यांवर मी सह्या केल्या तेव्हा माझ्या दुसऱ्या हातात कांदाभजी होती. सातव्या कागदावर तिचा डाग आहे.

दुसऱ्या दिवशी मूल्यांकन समिती यायची होती. तिच्यासाठी एकशे दहा पानांची एक फाईल तयार करायचं काम माझ्याकडे होतं आणि त्या फाईलचं नाव होतं ‘उद्योग व संस्था यांतील जिवंत सहकार्य’. जिवंत सहकार्याचे पुरावे गोळा करता करता दिवस संपत आला होता. त्या गडबडीत शेवटच्या वर्षाची एक मुलगी कागदांचा गठ्ठा घेऊन आली आणि म्हणाली, “सर, ड्रॉइंग झाली. कर्मशाळेत द्यायची आहेत.” मी सह्या केल्या. बघितली का? बघितली. पण कशी, ते त्या डागावरून समजून घ्यावं.

आमचं तंत्रनिकेतन एका सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, आहे. आजूबाजूला जांभा दगड, थोडं गवत आणि एक एसटीचा थांबा. हवा स्वच्छ असली तर लांबवर समुद्राची रेघ दिसते. दहावी झालेली मुलं इथे तीन वर्षं काढतात आणि डिप्लोमा घेऊन गोव्याला, कोल्हापूरला, पुण्याला जातात. लग्नकार्यात नातेवाईक माझी ओळख ‘प्रोफेसर’ अशी करून देतात आणि पाठोपाठ विचारतात, “म्हणजे आयटीआयच ना?” मी हो म्हणतो. वाद घालेपर्यंत सोलकढी संपते.

पण एक खरं सांगतो. विद्यापीठात शिकवणाऱ्या माझ्या मित्रांचे विद्यार्थी त्यांच्याबद्दल काय म्हणतात ते त्यांना कधी कळत नाही. माझे विद्यार्थी मला रस्त्यात थांबवून सांगतात, “सर, तुम्ही सांगलल्यासारखा बेअरिंग बसयलंय, पण तापता.” आपलं ज्ञान तापतं की नाही हे कळणारी नोकरी जगात फार लोकांना मिळत नाही.

ती मुलगी बांद्याजवळच्या एका गावातली. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. काजू फोडायचं यंत्र ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: टेबलावर दोन पाती, टेबलाखाली पायाने दाबायची पट्टी आणि बाजूला हाताने ओढायचा दांडा. वाफवलेली बी पात्यांमध्ये धरायची, पाय दाबायचा, दांडा ओढायचा, टरफल दुभंगतं, मग आतला गर सुईने अलगद काढायचा. टरफलातलं तेल कातडी सोलवटतं म्हणून बायका हाताला खोबरेल चोळून बसतात. दांडा उजवीकडे असतो. सगळ्या यंत्रांना उजवीकडेच असतो.

मुलीची आई डावखुरी होती.

शेवटच्या वर्षाला चार-चार जणांचा गट करून एक प्रकल्प करावा लागतो. विषय निवडायच्या दिवशी पहिल्या गटाने सौर ऊर्जेवर चालणारं काहीतरी सांगितलं, दुसऱ्याने मोबाईलवरून चालणारं काहीतरी. या मुलीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “सर, आम्हाला काजूचं यंत्र करायचं आहे.”

“ते तर बाजारात मिळतं.”

“हो. पण उलटं.”

“उलटं म्हणजे?”

प्रमाण मराठी तिला एवढाच वेळ पुरली. “आवस डावरी आसा, सर. अठरा वर्सां टेबलाक वाकडी बसता. रात्री खांदो धरून बसता. यंत्र उलटा केला तर सरळ बसात.”

गटातल्या बाकीच्या तिघांचा विचार वेगळा असावा. त्यांतल्या एकाच्या घरचा तारकर्लीला पर्यटकांसाठी राहण्याजेवणाचा धंदा होता आणि हंगामात तो स्वतःही पाहुण्यासारखाच कॉलेजात यायचा. पण आयता विषय आणि काम करणारी मुलगी दोन्ही मिळत असतील तर कोण नको म्हणेल? मी विषय मंजूर केला. अहवालासाठी त्याला इंग्रजीत अठरा शब्दांचं नाव दिलं. त्या अठरा शब्दांत ‘आई’ हा शब्द अर्थातच नव्हता.

जानेवारीत गोव्याच्या एका कारखान्याचे लोक मुलाखती घ्यायला आले आणि त्यांनी आमच्याकडचे दोघे निवडले. त्यांत ही होती. अट एकच: जूनमध्ये डिप्लोमा हातात हवा. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत बाहेरचा परीक्षक नापास करू शकतो आणि तसं झालं तर पुढची परीक्षा थेट हिवाळ्यात. नोकरी तोवर थांबणार नव्हती. तिच्या आईने सांगून ठेवलं होतं, “नोकरी गेली तर काळजी करू नको गो. माझ्या बाजूचा यंत्र रिकामा आसा.” आईने ते धीर द्यायला म्हटलं होतं. मुलीने मला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा धीर मिळाल्यासारखा नव्हता.

यंत्र बनवायचं काम कर्मशाळेत आमच्या निदेशकांच्या हाताखाली चालायचं. निदेशक माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. त्यांच्याकडे माझ्यासारखी पदवी नाही आणि माझ्याकडे त्यांच्यासारखे हात नाहीत. संस्थेच्या उतरंडीत मी त्यांच्या वर आहे. लेथ सुरू असेल तेव्हा मात्र हे आम्ही दोघेही विसरतो.

एप्रिलच्या अखेरीस ते माझ्या केबिनच्या दारात उभे राहिले.

“सर, काम झाला. एक इचारू?”

“विचारा ना.”

“डावे आटे कित्याक?”

“कसले डावे आटे?”

त्यांनी खिशातून एक बोल्ट आणि त्याचा नट काढून माझ्यासमोर ठेवला. मी नट नेहमीसारखा फिरवून बसवायला गेलो. बसेना. उलटा फिरवला, तेव्हा लोण्यासारखा आत गेला.

मग सगळा उलगडा झाला. मुलीने संगणकावर बाजारातल्या यंत्राचं चित्र काढलं होतं आणि ते उलटं करण्यासाठी एक सोपी आज्ञा दिली होती: आरशात दिसेल तसं कर. संगणकाने केलं. दांडा डावीकडे गेला, पट्टी डाव्या पायाखाली आली. पण आरशात फक्त आपण म्हणतो तेवढंच उलटं होत नाही, सगळंच होतं. बोल्टांचे आटेही उलटे झाले. मुलगी मुळात नेटकी. चित्रात आटे डावे दिसले म्हणून तिने प्रत्येक बोल्टाशेजारी ‘डावे आटे’ अशी रीतसर टीपही लिहिली. आणि त्या टिपेखाली मी सही केली.

“अहो, असले आटे पाडायला टॅप तरी कुठे मिळाला तुम्हाला?”

“खंय गावतलो? तीन दिस मालवणात फिरलंय. शेवटाक बंदरार ट्रॉलरची इंजिना दुरुस्त करणारो एक आसा, तेच्याकडे गावलो. तोय माका हसलो.”

“मग मला विचारायचं नाही का?”

“तुमची सही होती.” ते शांतपणे म्हणाले. “आणि तुमीच सांगतास, ड्रॉइंगात जा आसा ता करूचा, टकली चालवूची नाय.”

“डोकं चालवू नका असं मी कधी म्हटलंय?”

“शब्द वेगळे आसतीत,” निदेशक म्हणाले. “अर्थ तोच.”

सगळे बोल्ट नव्याने करायचे तर ज्या भोकांत ते बसत होते ते भागही नव्याने करायला हवे होते, आणि परीक्षा आठ दिवसांवर आली होती. यंत्र चालत होतं, अगदी उत्तम चालत होतं. जुळणी चालू असतानाच आई दोन रविवार येऊन त्यावर बिया फोडून गेली होती. म्हणून मी तेच केलं जे असल्या वेळी शिकलेला माणूस करतो. एक सिद्धान्त तयार केला.

मुलीला बोलावून म्हटलं, “हे बघ. परीक्षकांनी विचारलंच, तर सांगायचं: उजव्या हाताने नट आवळताना मनगट ज्या दिशेला जोराने वळतं, त्याच दिशेला नेहमीचे आटे घट्ट होतात. डाव्या हाताचा जोर बरोबर उलट दिशेला लागतो. म्हणून डावखुऱ्या कामगाराच्या सोयीसाठी आम्ही मुद्दाम डावे आटे वापरले.”

तिने वहीत लिहून घेतलं. मग मान वर करून म्हणाली, “पण सर, आपण असा विचार केला नव्हता.”

“आता केला.”

“हे खोटं नाही ना?”

“शास्त्र खरं आहे,” मी म्हणालो. “फक्त क्रम मागेपुढे आहे.”

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. वाहत्या पाण्यातून माशाचा आकार ओळखायचा असावा तसं. मग वही मिटली आणि गेली.

परीक्षक पुण्याकडचे होते, नामवंत होते, आणि ते नामवंत असल्याचं त्यांना माहीत होतं. प्राचार्यांनी त्यांचं शाल आणि श्रीफळ देऊन स्वागत केलं. मे महिना, किनारपट्टी, कर्मशाळेवर पत्र्याचं छप्पर, आणि लोकरी शाल. श्रीफळाबद्दल तर बोलायलाच नको. आमच्याकडे गाडी कुठे लावायची ते माडाकडे बघून ठरवतात. पाहुण्यांनी शाल खांद्यावर तशीच ठेवली. सन्मान उतरवून ठेवायचा नसतो, अशी त्यांची समजूत असावी. त्यांच्या बॅगेत चामड्याच्या पिशवीत ठेवलेला स्वतःचा पाना होता. तो काढून ते मुलांना म्हणाले, “माझा विश्वास अहवालावर नाही. माझा विश्वास पान्यावर.” प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून आम्हीही वाजवल्या.

मुलीची आई सकाळच्या एसटीने आली होती. हातात वाफवलेल्या बियांची पिशवी, खोबरेलाची छोटी बाटली आणि अंगावर नेसण्यातलं बरं लुगडं. प्राचार्य तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “बाई, इथे आत्ता परीक्षा आहे.”

“म्हणानच इलंय,” ती म्हणाली, आणि यंत्रासमोर जाऊन बसली. सरळ बसली.

परीक्षक आधी गटातल्या तिघांशी बोलले. तारकर्लीच्या मुलाने यंत्राच्या नावातले अठराच्या अठरा शब्द न चुकता म्हणून दाखवले आणि तिथे त्याचं ज्ञान संपलं. मग मुलीकडे वळून ते म्हणाले, “हे तर बाजारातलंच यंत्र आहे. नुसतं उलटं केलंय. यात नावीन्य काय?”

ती बोलण्याआधीच आईने हाताला तेल लावलं, एक बी पात्यांत धरली, डावा पाय दाबला, डाव्या हाताने दांडा ओढला. टक. सुईच्या टोकाने गर बाहेर. अख्खा. दुसरी. टक. अख्खा. तिच्या खांद्याची काहीही हालचाल होत नव्हती. दहाबारा बिया झाल्या आणि परीक्षक पुढे वाकून बघायला लागले.

“हे पातं किंचित हलतंय का?” ते म्हणाले. “असेम्ब्ली ढिली आहे तुमची.” आणि त्यांनी पाना लावला.

मी तोंड उघडलं, पण नामवंत माणसाचा पाना माझ्या तोंडापेक्षा जलद होता. त्यांनी आवळलं. पातं आणखी हललं. “बघा, अजून ढिलं,” ते म्हणाले आणि जोर लावून आणखी आवळलं. नट त्यांच्या हातात आला. पातं टेबलावर पडलं. शाल घसरून त्याच्यावर पडली.

आईने यंत्रावरची शाल दोन बोटांनी उचलली, तेल लागू नये म्हणून, आणि म्हणाली, “उलटो फिरवा, सायबानू.”

परीक्षकांनी नट डोळ्यांजवळ नेला. “डावे आटे?” त्यांनी मुलीकडे पाहिलं. “डावे आटे का?”

मी तिच्याकडे पाहिलं. आता सिद्धान्त. मनातल्या मनात मी पहिलं वाक्य म्हणायलाही लागलो: उजव्या हाताने नट आवळताना मनगट...

“चूक झाली, सर,” ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. चित्र आरशासारखं कसं फिरवलं, आटे कसे फिरले, ते डावे दिसल्यावर हे असं का झालं असा प्रश्न पडायला हवा होता तो कसा पडला नाही, आणि उलट टीप लिहून तिने चूक आणखी पक्की कशी केली. रडवेली वगैरे झाली नाही. एखाद्या यंत्रातला बिघाड सांगावा तसं क्रमाने सांगितलं. कारखान्याची नोकरी, हिवाळ्यातली परीक्षा, आईच्या शेजारचं रिकामं यंत्र, हे सगळं त्या पाच मिनिटांत माझ्या डोळ्यांसमोर होतं. तिच्याही असणार.

“आणि तुमच्या मार्गदर्शकांच्या लक्षात आलं नाही?” परीक्षकांनी विचारलं.

या प्रश्नावर मात्र ती वाकून टेबलावरची टरफलं गोळा करायला लागली.

“नाही आलं,” मी म्हणालो. “बाराही कागदांवर सही माझी आहे.”

निदेशक भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी छपराकडे पाहिलं.

“माका बरे पडतत पण हे आटे,” मध्येच आई म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. तिने परीक्षकांच्या हातून नट घेतला, पातं जागेवर धरलं, डाव्या हाताने तीन वेळा पिळून नट बसवला आणि वर त्यांचाच पाना मागून घेऊन घट्ट केला. परीक्षक बघत राहिले. मग त्यांनी स्वतः डाव्या हाताने नट काढून पाहिला, बसवून पाहिला. माझा सिद्धान्त कुणीही न मांडता तिथे सिद्ध होत होता.

“मग ही चूक म्हणायची की सोय?” ते मुलीला म्हणाले. आता आवाज वेगळा होता. “यंत्र पुन्हा करायचं झालं, तर कुठले आटे घालशील?”

तिने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, “नेहमीचे. उजवे.”

“का? त्यांना तर हे बरे पडतात.”

“नट हरवला तर, सर? कारखान्यात रोज हरवतात. डावा नट बाजारात मिळणार नाही. एका नटासाठी यंत्र बंद पडेल आणि आईला परत जुन्या यंत्रावर बसावं लागेल.”

“खरा आसा,” आई म्हणाली. “बांद्याच्या दुकानात जावन डावो नट मागलंय तर दुकानदार माका डॉक्टराकडे धाडीत.”

परीक्षक हसले. त्या दिवसातली ती पहिली गोष्ट जी त्यांनी नामवंत म्हणून केली नाही. मग त्यांनी तिला आणखी वीस मिनिटं प्रश्न विचारले: पोलाद कुठलं, पट्टीची लांबी कशी काढली, पात्याला धार किती दिवस टिकेल. तिला सगळं येत होतं, कारण सगळं तिने केलं होतं. जे येत नव्हतं तिथे ती “म्हायत नाय, सर” म्हणाली, आणि दर वेळी त्यांनी मान डोलावली.

मी कर्मशाळेच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. उकाड्याचं निमित्त होतं. सतरा वर्षांत मी बरीच मुलं पहिल्या वर्गात पास होताना पाहिली आहेत, त्यांचे सत्कार पाहिले आहेत, त्यांच्या नावांचे फलक स्वतः दोरीने बांधले आहेत. त्यांतल्या कशासाठीही मला असं दाराशी जाऊन उभं राहावं लागलं नव्हतं. मी तिला एक तयार, चकचकीत, शास्त्रशुद्ध पळवाट दिली होती आणि तिने ती माझ्यासमोर वहीत मिटून ठेवली. विद्यार्थ्याने गुरूच्या पुढे जावं असं आपण भाषणात म्हणतो. प्रत्यक्षात ते होतं तेव्हा गुरूला जरा लाज वाटते आणि मग कितीतरी वेळ छाती फुगलेली राहते. निदेशक शेजारी येऊन उभे राहिले. “चेडू बरा आसा,” आत त्या पोरीकडे बघत एवढंच म्हणाले. अठरा शब्दांच्या शीर्षकापेक्षा ते मला पुष्कळ वाटलं.

जूनमध्ये निकाल लागला. ती पास झाली, आणि नुसती पास नव्हे, चांगली झाली. परीक्षकांनी शेऱ्यात काय लिहिलं ते मला माहीत आहे, पण तो गोपनीय असतो. निदेशकांनी सुट्टीत येऊन, कुणी न सांगता, ते भाग नव्याने केले, नेहमीचे बोल्ट घातले आणि यंत्र टेम्पोत घालून कारखान्यात पोचवलं. मुलगी गोव्याला कामावर रुजू झाली. आता मी हा प्रसंग दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सांगतो, माझ्या सहीसकट. चूक दिसली की ती सांगायची, ज्याची असेल त्याची, आणि मग पुढे काय होतं त्याची काळजी करायची नाही. आम्ही इथे जे काही शिकवतो त्यातलं शेवटी हेच कामाला येतं, असं मी त्यांना ठामपणे बजावतो.

रुजू झाल्यावर महिन्याभराने तिचा फोन आला. आवाज खुशीत होता. राहायची सोय बरी आहे, जेवण बरं आहे, आई आता सरळ बसते. मी विचारलं, काम कसं आहे, डिझाइनला घेतलंय ना?

“घेतलेल्यानी, सर. पण आता स्टोअरात नटबोल्ट मोजूक बसयल्यानी,” ती म्हणाली. “पयल्याच आठवड्यात मोठ्या सायबाच्या ड्रॉइंगात चूक काढलंय.”

चूक खरी होती. मुलगी अजून स्टोअरातच आहे.